आठ दिवस, एकच उतार

आमगाव, जि. गोंदिया

प्रिय भाऊ,

तू पाठवलेला सहलीचा आराखडा दोनदा वाचला. नाताळच्या सुटीत सहा रात्री, त्यांत श्रीनगर, गुलमर्ग, पहलगाम आणि सोनमर्ग, आणि गुलमर्गच्या रकान्यात एक ओळ: ‘मुलांसाठी स्कीइंग, १ तास’. बाकी आराखड्याबद्दल माझी तक्रार नाही. लोक असेच फिरतात आणि खूश होऊन परततात. माझा आक्षेप फक्त त्या एका तासाला आहे, कारण तू पत्रात लिहिले आहेस की मुलांना ‘स्की शिकवायची’ आहे. बर्फ दाखवणे ही एक सहल आणि स्की शिकवणे ही दुसरी. दोन्ही एकाच तिकिटात बसवायला गेलास तर बर्फ दिसेल, पण शिकणे होणार नाही. उलट मुलांच्या मनात ‘आपल्याला हे जमत नाही’ एवढीच नोंद राहण्याची शक्यता जास्त. आमगावात बसून ताई बर्फावर व्याख्यान देते आहे म्हणून हसशील. हस, पण पुढचे वाच.

त्या एका तासात नेमके काय होते ते मनात मांडून बघ. स्कीचा बूट म्हणजे कडक प्लास्टिकचा साचा. त्यात घोटा नेहमीसारखा वळत नाही, आणि सहा वर्षांच्या मुलाला तो घालून चार पावले चालणे हेच मोठे काम असते. बूट घालायचे, ते स्कीच्या पट्टीवरच्या बाइंडिंगमध्ये अडकवायचे, सपाट बर्फावर सरकायचे, एका बाजूला पडायचे आणि कुणी हात न देता उठायचे, यात पहिला दिवस जातो, आणि तो जायलाच हवा. मग येते थांबणे. दोन्ही पट्ट्यांची टोके पुढे जवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या आणि त्या पाचरीने वेग मारायचा. युरोपातले शिक्षक लहान मुलांना या आकाराला पिझ्झाचा तुकडा म्हणतात, आणि मुलांना ते लगेच कळते. थांबता आले की वळणे, वळता आले की थोडा मोठा उतार. हा क्रम उलटा करता येत नाही. ज्या मुलाला स्वतःहून थांबता येत नाही ते स्की करत नसते, कुणीतरी त्याला धरून घसरवत असते. तासाच्या सौद्यात नेमके हेच मिळते: प्रशिक्षक काखेत हात घालून दहा-वीस मीटर नेतो, आईबाप फोटो काढतात, वेळ संपतो.

हे माझ्या मनचे नाही. जिथे हा खेळ रोजचा आहे तिथली रचना बघ. फ्रान्समध्ये १९४५ साली स्थापन झालेली ‘एकोल द्यु स्की फ्रांसे’ ही स्की-शिक्षकांची संस्था मुलांना आठवड्याच्या गटात घेते. तोच शिक्षक, तीच मुले, रोज ठरलेले दोन-तीन तास, आणि शेवटी पायरीनुसार बिल्ला. आपल्याकडे औलीला गढवाल मंडल विकास निगमचे अभ्यासक्रम सात आणि चौदा दिवसांचे आहेत. इतक्या लांबच्या दोन देशांनी शिकवण्याचे किमान माप आठवडाच धरावे, यामागे कारण आहे. तोल सांभाळण्याचे कसब सलग सहा तास घोकून येत नाही. रोज थोडे करावे, रात्री झोपावे, सकाळी पुन्हा उतारावर उभे राहावे, तेव्हा ते अंगात मुरते. सायकलचेही तसेच असते. आणि धानाचे तर तुला सांगायलाच नको: पऱ्हे एकवीस-पंचवीस दिवसांचे झाल्याशिवाय रोवणी होत नाही, मजूर कितीही मोकळे असले तरी.

आता महिन्याचे बघू. इथे मात्र मी हट्टाने भांडणार आहे. हिमालयात हिवाळी बर्फ आणतात ते पश्चिमी झंझावात, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणारी वादळी हवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे हरभरा-लाखोळीवर जी गारपीट होते, तिच्यामागेही पुष्कळदा हीच हवा असते. काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांच्या कडक थंडीला ‘चिल्लई कलान’ म्हणतात, पुढचे वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटचे दहा ‘चिल्लई बच्चा’. नाताळ म्हणजे या हिशेबाची नुसती सुरुवात. जमिनीवर जाड थर साचलेला असतो तो जानेवारीअखेरपासून पुढे. त्यातही अलीकडे भरवसा कमी झाला आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार महिन्याच्या मध्यापर्यंत तपकिरी पडून होते, आणि खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलून २१ ते २५ फेब्रुवारीला घ्याव्या लागल्या. २०२५ मध्ये त्याहून वाईट झाले: फेब्रुवारीअखेर ठरलेल्या स्पर्धा बर्फाअभावी ९ ते १२ मार्चवर गेल्या. म्हणजे फेब्रुवारीसुद्धा हमखास नाही, हे मी मान्य करते. पण ज्या जुगारात फेब्रुवारीला धाकधूक आहे त्यात नाताळवर सगळे पैसे लावणे शहाणपणाचे नव्हे. रद्द केले तर पैसे परत मिळतील अशीच खोली आणि तिकिटे घे, हाही याच हिशेबाचा भाग.

तू म्हणशील, शाळा आहे ना! खरे आहे. फ्रान्समध्ये फेब्रुवारी-मार्चची सुटी देशाचे तीन विभाग पाडून वेगवेगळ्या आठवड्यांत देतात, म्हणजे सगळी मुले एकाच वेळी डोंगरावर गर्दी करत नाहीत. तिथली सुटी हिवाळ्याकडे बघून ठरली, आपली उन्हाकडे आणि सणाकडे बघून. विदर्भात एप्रिल-मेच्या उन्हाने मोठी सुटी ठरवली, दिवाळीने दुसरी. बर्फाला आपल्या शाळेच्या वेळापत्रकात जागा नाही आणि ती असण्याचे कारणही नाही. म्हणून ती काही दिवसांची गैरहजेरी आपणच मागून घ्यायची. मोठी तिसरीत आहे, धाकटा पहिलीत. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेचा नियम आला आहे, शिष्यवृत्तीची तयारीही पुढेच आहे. म्हणजे या एक-दोन वर्षांतले फेब्रुवारी सोडले तर पुढे कित्येक वर्षे असा मोकळा आठवडा मिळणे नाही. वर्गशिक्षिकेला आधी पत्र लिहून परवानगी घे आणि चुकलेला अभ्यास आल्यावर भरून काढ. आजारपणाची खोटी चिठ्ठी मात्र नको. ती मुलांच्या समोर लिहिली जाते, आणि तो धडा ती स्कीपेक्षा लवकर शिकतात.

जागेबद्दल थोडक्यात, पण उंचीबद्दल सविस्तर. तुमचे नागपूर जेमतेम ३१० मीटरवर आहे, श्रीनगर सुमारे १,६०० वर आणि गुलमर्ग २,६५० च्या आसपास. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, आणि लहान मूल ‘माझे डोके दुखते’ असे नीट सांगत नाही. ते चिडचिड करते, जेवत नाही, रात्री नीट झोपत नाही. आपण समजतो हट्ट चालला आहे. तुझ्या आराखड्यात मुले सकाळी श्रीनगरहून निघून दुपारी गुलमर्गच्या उतारावर उभी राहतात आणि संध्याकाळी परत. यात शरीराला सवय व्हायला वेळच नाही. एक रात्र श्रीनगरला, मग गुलमर्गला पोचल्यावर पहिला दिवस नुसते हिंडणे आणि बर्फाचे गोळे, दुसऱ्या दिवसापासून धडे. गुलमर्गच्या मैदानालगतचे सौम्य उतार नवशिक्यांसाठी पुरेसे आहेत. गोंडोला रोपवेचा पहिला टप्पा, कोंगदूरीपर्यंत, मुलांना मजा म्हणून दाखव. दुसरा टप्पा अफरवटकडे सुमारे ३,९०० मीटरच्या पुढे जातो. तो लहान मुलांसाठी नव्हे, आणि तिथला बर्फ राखलेल्या उतारासारखा नसतो. फेब्रुवारी २०२३ आणि पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या बाजूच्या हिमस्खलनात अनुभवी परदेशी स्कीपटूंचे जीव गेले. कुणी टप्पा दोनचे तिकीट आग्रहाने पुढे केले तर सरळ नाही म्हण.

काश्मीरच नको, असे सूनबाईंचे मत आहे असे तू लिहितोस. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर हे मत कुणाचेही होऊ शकते, विशेषतः महाराष्ट्रातल्या घरांत, आणि त्यावर मी वाद घालणार नाही. आईच्या पोटात भीतीचा गोळा असेल तर मुले आठवडाभर निवांत शिकणार नाहीत. मग औली किंवा मनालीजवळचे सोलंग बघ. औलीत उतार चांगले आहेत, पण जानेवारी २०२३ मध्ये खालच्या जोशीमठची जमीन खचू लागली आणि रोपवे थांबवावा लागला. त्यामुळे रस्त्याची आणि रोपवेची ताजी माहिती घेतल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नकोस. सोलंगला पोचणे सोपे, पण तिथे सहलीच्या गर्दीत तासाचा सौदा सर्वांत जास्त फोफावतो. मनालीत अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची गिर्यारोहण संस्था आहे, गुलमर्गला पर्यटन मंत्रालयाची स्की आणि गिर्यारोहणाची संस्था आहे. लहान मुलांची वयोमर्यादा दोन्हीकडे आधी विचार, कारण अशा संस्थांचे अभ्यासक्रम बहुधा मोठ्यांसाठी असतात. मुले बसत नसतील तर तिथे शिकलेला प्रशिक्षक आठवडाभरासाठी ठरव. पहिल्या दिवशी आवडला नाही तर दुसऱ्या दिवशी बदल, पण रोज नवा नको. आणि तू किंवा सूनबाई उतारावर उभे राहून वरून सूचना देऊ नका. शिक्षकाचे ऐकायचे की बाबांचे, या घोळात मूल पडते. तुम्ही दोघे वेगळ्या गटात शिका. पडायला तुम्हालाही येईल.

पैशाचा आक्षेप खरा आहे. आठवडाभर प्रशिक्षक म्हणजे खर्च वाढणार. पण तुझ्याच आराखड्यातून काय वजा होते तेही बघ. चार ठिकाणांऐवजी एक, म्हणजे रोजची गाडी गेली, रोज सामान बांधणे गेले, पहलगाम-सोनमर्गच्या घोड्यांचे आणि स्लेजचे भाव करणे गेले. गुलमर्गमधली खोली महाग वाटली तर तेरा किलोमीटर खाली टंगमर्गला राहता येते. मात्र बर्फ पडला की तिथून वर साखळ्या लावलेल्या गाडीने जावे लागते, आणि सकाळचा तास त्यात मोडतो. स्की, बूट, काठ्या विकत घेऊ नकोस, पुढच्या वर्षी मुलांचे पाय तुझ्या खिशाचे ऐकणार नाहीत. भाड्यात चांगली वस्तू मागून घे. हेल्मेट मात्र घरून न्यायचे आणि ते डोक्यावर नसेल तर उतारावर जायचे नाही. इटलीत १८ वर्षांखालच्या सर्वांना ते २०२२ मध्येच कायद्याने सक्तीचे झाले, यावरून तिथले लोक या गोष्टीला किती मानतात ते दिसते.

सर्वांत जड आक्षेप तुझा नाही, माझाच आहे. तलावांच्या जिल्ह्यातल्या घराण्यातली ही मुले, त्यांना अजून पोहता येत नाही, आणि आपण त्यांना दीड हजार किलोमीटरवर बर्फावर घसरायला नेतो आहोत. उपयोगाच्या तराजूत घातले तर पोहणे आधी येते, यात शंका नाही, आणि या उन्हाळ्यात ते झालेच पाहिजे. स्कीचा आपल्या मुलांना व्यवहारात काही उपयोग नाही. आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकटा खेळाडू होता. तो गुलमर्गच्या पायथ्याचा, लहानपणापासून बर्फात वाढलेला. नागपूरच्या मुलांनी त्याच्या मागे धावावे असे मी म्हणत नाही. पण निरुपयोगी गोष्ट शिकवू नये, असे ठरवले तर चित्रकला आणि पेटीही जाते. माझे म्हणणे एवढेच की खर्च करणारच असशील तर मुलांना एखादी गोष्ट ‘येते’ या टप्प्यापर्यंत ने. पोहण्याच्या तलावातही एका तासाची सफर कुणी शिकवणी म्हणून विकली तर आपण हसू. आठवड्याने दोघांना पाचरीने थांबता आणि सौम्य वळण घेता आले, तरी मला पुरे. आणि आठवडा देता येत नसेल तर स्कीचे नाव काढू नकोस: नुसता बर्फ बघा, त्याचा माणूस करा, स्लेजवर बसा, गरम काहवा प्या. त्यात काही कमी नाही.

कपड्यांचे फार लिहीत नाही. सुती गंजी ओली झाली की ऊब देत नाही, तेव्हा आतला थर लोकरीचा किंवा थर्मलचा. मुलांना पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा पिशवीसारखे हातमोजे जास्त गरम राहतात. ताजा बर्फ उन्हातली अतिनील किरणे ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून ढगाळ दिवशीही गॉगल आणि सनस्क्रीन. दुपारनंतर मुले थकली की धडा संपवा. थकलेल्या पायांवरच्या शेवटच्या फेरीला ‘आणखी एकदा’ म्हणून होकार देऊ नकोस.

एक काम आजच कर. दोघांची उंची, वजन आणि संध्याकाळी मोजलेली पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहून ठेव. स्कीच्या बुटाचे माप पावलाच्या सेंटिमीटरवर असते, चपलेच्या नंबरावर नाही. आणि पडल्यावर बाइंडिंग किती जोराने सुटावे हे मुलाच्या वजन-उंचीवरून ठरते. दुकानात पोर रडत असताना हे आकडे आठवत नाहीत. भाड्याच्या दुकानदाराने ते न विचारताच स्की पुढे केल्या तर दुसऱ्या दुकानात जा. जानेवारीअखेर पुन्हा एकदा मापे घे, धाकट्याचे पाय भराभर वाढतात.

तुझी,
ताई