टाच का दुखते?



सकाळी उठून पहिलं पाऊल टेकलं की टाचेत सुई टोचल्यासारखं होतं आणि थोडं चाललं की कमी होतं, असं तुमच्यापैकी किती जणींचं होतं? माझं गेल्या वर्षी सुरू झालं. ४८ मिनिटांचं सामायिक करून उठलं की पुन्हा तेच. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं आणि घरात ऑपरेशनची चर्चा सुरू झाली. मला काळजी वेगळीच, अनवाणी देवदर्शन आता बंद होणार का?

डॉक्टरांनी कागदावर पाऊल काढून समजावलं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक चिवट पट्टा असतो, तो पायाची कमान धरून ठेवतो. कडक फरशीवर तासन् तास उभं राहणं, वाढलेलं वजन, ताठरलेली पोटरी, पातळ चपला यांमुळे तो टाचेपाशी दुखावतो. याला 'प्लांटर फॅसायटिस' म्हणतात. झोपल्यावर किंवा बसल्यावर पट्टा आखडतो आणि उठताच एकदम ताणला जातो, म्हणून पहिलंच पाऊल जास्त दुखतं. वाढलेलं हाड पुष्कळांना असतं आणि त्यांची टाच दुखतही नाही. ऑपरेशनची वेळ फार थोड्यांवर येते.

मी कॉमर्सवाली, मला हिशोब लगेच कळला. पट्ट्याच्या खात्यात रोज नुसता खर्च, जमा काहीच नाही!

आता उठण्याआधी पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढून दहा आकडे मोजते. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून पोटरीही ताणते. भाजी निवडणं, कणीक मळणं बसून करते. आमच्या स्वयंपाकघरात चपला चालत नसत. तिथे आता फक्त आतच वापरायची, टाचेला आधार देणारी मऊ जोडी आली आहे. सासूबाईंनीच आणवली!

देवळात अनवाणीच जाते, त्याला डॉक्टरांची ना नाही. फक्त प्रदक्षिणा कमी केल्या आणि सामायिकाहून उठण्याआधी पाय ताणून घेते.

चार महिन्यांत दुखणं बरंच उतरलंय. काहींना वर्षही लागतं, तेव्हा धीर सोडू नका. मात्र टाच सुजली, बधिर झाली, ताप आला, रात्री पडल्यापडल्याही दुखलं किंवा मधुमेह असेल, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता डॉक्टरांना दाखवा.