तिसरा बाक

ब्रुनोला पुरून आलो त्या रात्री त्याची दहा मीटरची चामडी दोरी गुंडाळताना सईने विचारलं, "बाबा, त्या शनिवारी तो खरंच चुकला होता का रे?"

सहा वर्षांनी!

ब्रुनो मुळात आमचा नव्हताच. बाड ट्योल्त्सला आमच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त वनरक्षकाचा तो. जात 'बायरिशर गेबिर्ग्सश्वाइसहुंड'. श्वाइस म्हणजे घाम, एवढंच माझं जर्मन. म्हणून मी त्याला 'डोंगरी घामट' म्हणायचो. म्हातारा हसून हसून खोकला. शिकाऱ्यांच्या बोलीत श्वाइस म्हणजे रक्त. गोळी लागून पळालेल्या हरणाचा माग रात्र उलटल्यावरही काढायचा, हा या कुत्र्यांचा धंदा. 1912 साली म्युनिकला त्यांचा क्लब निघाला. पिल्लं अजूनही सहसा शिकाऱ्यांनाच देतात. म्हाताऱ्याचे गुडघे गेले म्हणून सात वर्षांचा ब्रुनो आमच्या पोहे-उपम्याच्या घरात आला.

हरणं नाहीत तर सईने त्याला माझ्या मागावर लावलं. शनिवारी सकाळी माझा मोजा हुंगवायचा, "शोध" म्हणायचं, की लांब कान दवात भिजवत स्वारी माझ्या कालच्या वाटेने निघे. थेट स्टेशन. तिथे माग संपला की सई टाळ्या पिटायची.

मग दोन शनिवार मी सर्दीचं निमित्त काढून खेळ टाळला. तिसऱ्या शनिवारी सई ऐकेना.

तो स्टेशनकडे वळलाच नाही. इझारच्या काठाने चालू लागला. "चुकला, परत फिरव," मी म्हटलं आणि दोरी ओढली. पंचवीस किलोचं कुत्रं, पण झाडाच्या मुळासारखं हलेना. तिसऱ्या बाकापाशी जाऊन बसलं आणि हनुवटी गवतात टेकली. नाकापुढे हिरवं झाकण, लोणच्याच्या डबीचं. ऑफिसच्या कँटीनमध्ये हरवलं असं मी बायकोला सांगितलेलं.

ऑफिस सुटून तेव्हा तीन आठवडे झाले होते. रोज सातला डबा घेऊन निघायचो आणि त्या बाकावर बसून पाणी बघायचो. वाईला घाटावर बसायची सवय, दुसरं काय!

मी ब्रुनोच्या पाठीत दोरी हाणली. पहिल्यांदा आणि शेवटचं. तो उठला नाही. शेपूट हलवत बघत राहिला. काम चोख झालं होतं, त्याला शाबासकी हवी होती.

बायकोने झाकण उचललं, कोटाला पुसलं, खिशात टाकलं. सईला म्हणाली, "चुकला असेल गं. कुत्रंच ते."

सोमवारी तिने डबा भरला नाही. "घरीच जेव," म्हणाली. "गरम."

हे सगळं मी सईला सांगितलं. चुकला नव्हता, म्हटलं.

"माहितीये," दोरीचा पीळ सोडवत ती म्हणाली. "झाकण आधी मीच बघितलं होतं."