फितीवरची अमानत

कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत व्हीसीआर लवकर आला. त्याचे कारण उघड आहे. जवळजवळ प्रत्येक घरातला एखादा माणूस कुवेत, दुबई किंवा सौदीला होता. सुट्टीवर येताना तो अत्तर, कंबल आणि मुलांच्या चॉकलेटांबरोबर एखादे यंत्रही घेऊन यायचा. पुढे हँडीकॅम आले आणि खतांच्या जोडीला व्हिडिओ कॅसेटचा रिवाज पडला. गावी येणाऱ्या माणसाच्या हाती तिकडून कॅसेट यायची, आणि इकडच्या लग्नाची कॅसेट परतीच्या बॅगेतून तिकडे जायची. किती तरी मुलांना बाप असा टीव्हीच्या पडद्यावर भेटला. आम्ही त्यांतलेच एक.

आमच्या घरी अशा अकरा कॅसेट आहेत. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरले, तेव्हा आमच्या तळमजल्यावरचे कपाट, किताबे, गाद्या सगळे गेले. कॅसेटची पिशवी माळ्यावर होती म्हणून वाचली. पण ओल माळ्यावरही चढतेच. नंतर पिशवी उघडली, तर दोन कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसली. त्या दिवशी घरात ठरले की, हे आता डिस्कवर उतरवायचे.

एका कॅसेटमध्ये १९९६ सालचे खालाचे लग्न आहे. त्यात आमची दादी आहे, पण दिसत नाही. तिला तसवीर काढून घेणे मान्य नव्हते. कॅमेरा फिरला की ती पदर ओढून तोंड फिरवायची. मात्र तिचा आवाज कॅमेऱ्याच्या मागे सतत चालू आहे. बायकांना जेवायला बसवते आहे, कोणाला रागावते आहे, हळदीच्या वेळी जुनी कोकणी गीते म्हणते आहे. दादी २००३ मध्ये अल्लाला प्यारी झाली. तिचा फोटो आमच्याकडे एकही नाही. जे आहे ते एवढेच, आणि तेही फितीच्या एका कडेला. हे शब्दशः खरे आहे. साध्या व्हीएचएस कॅसेटमध्ये चित्र फितीच्या मधल्या पट्ट्यात तिरक्या रेषांत असते आणि आवाज कडेच्या बारीक पट्टीवर असतो. फीत सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर सरकते, गाण्याच्या कॅसेटच्या निम्म्याहून कमी. म्हणून आवाज मुळातच कमकुवत. कड चुरगळली की आधी तोच जातो.

शहरात दुकाने आहेत, कॅसेट द्या आणि डिस्क घ्या. पण अम्मीने साफ नकार दिला. ‘‘त्यात बायकांची मजलिस आहे, बेटा. खालाच्या सगळ्या मैत्रिणी उघड्या डोक्याने बसल्यात. दुकानातला पोरगा आठ दिवस बघत बसेल. त्या बायांनी आपल्यावर भरोसा ठेवून कॅमेरा चालू दिला होता.’’ या बोलण्यावर उत्तर नव्हते. शिवाय आमच्या एका नातेवाइकाला अशा एका दुकानातून जी डिस्क मिळाली, तिच्यात मूळ आवाज काढून फिल्मी गाणी भरली होती. दुकानदाराच्या मते त्याने डिस्क सजवली होती! आमच्या कॅसेटचे असे झाले असते, तर दादी दुसऱ्यांदा गेली असती.

म्हणजे सामान आपणच घ्यायचे. बी.एड.ला आम्हाला ‘शैक्षणिक तंत्रज्ञान’ हा विषय होता. त्यात ओव्हरहेड प्रोजेक्टरपर्यंत आम्ही पोहोचलो होतो, पुढचे इथे शिकलो.

पहिला प्रश्न व्हीसीआरचा. १९७६ साली जपानच्या जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस आणले आणि जुलै २०१६ मध्ये फुनाई या शेवटच्या कंपनीनेही व्हीसीआर बनवणे थांबवले. तेव्हा नवा मिळणे नाही, जुनाच शोधायचा. इथे आखाताने पुन्हा साथ दिली. तिकडून आलेल्या व्हीसीआरपैकी बरेच मल्टिसिस्टिम असतात. आपल्याकडची कॅसेट पाल पद्धतीची, अमेरिकेतून आलेली एनटीएससी पद्धतीची. मल्टिसिस्टिम यंत्र दोन्ही चालवते. आमच्या मामूच्या कपाटात असा एक निघाला. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका बुजुर्ग मिस्त्रींनी त्याचे रबरी पट्टे बदलले, हेड साफ केले आणि आवाजाच्या हेडचा स्क्रू किंचित फिरवून दाखवला. फिरवताच दबलेला आवाज मोकळा झाला. ‘‘मास्तर, लोक चित्र बघून मशीन पसंत करतात. तुम्ही कानाने करा,’’ हा त्यांचा सल्ला आम्ही शेवटपर्यंत पाळला.

दुसरा प्रश्न, व्हीसीआरमधून निघालेले चित्र कशात उतरवायचे? सोपा मार्ग डीव्हीडी रेकॉर्डरचा. पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन वायरी जोडायच्या, बटण दाबायचे, डिस्क तयार. संगणकाची गरज नाही. पण ४.७ जीबीच्या एका डिस्कवर चांगल्या दर्जाचे साधारण तासभरच मावते. जास्त भरले तर चित्र चौकोनी ठिपक्यांत फुटते. आणि एकदा डिस्क झाली की नको तो भाग वेगळा करणे अवघड.

दुसरा मार्ग यूएसबीच्या छोट्या कॅप्चर यंत्राचा. हजार-दोन हजारांत मिळते आणि लॅपटॉपला लागते. स्वस्त यंत्राची खोड अशी की, जुन्या फितीची गती डळमळली की ते चित्रे गाळते आणि हळूहळू आवाज व ओठ यांची फारकत होते. तासाभराच्या शेवटी काझीसाहेबांचे ओठ आधी हलतात आणि आवाज नंतर येतो. यावर इलाज टाइम बेस करेक्टर नावाच्या यंत्राचा, पण ते महाग आणि दुर्मीळ. मात्र काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये हाच गुण थोडाफार असतो. व्हीसीआरची वायर आधी रेकॉर्डरमध्ये आणि रेकॉर्डरची पुढे यूएसबी यंत्रात नेली, तर चित्र स्थिर होते.

आम्ही हाच तिहेरी मार्ग पसंत केला. एक जुना रेकॉर्डर, एक बऱ्यापैकी यूएसबी यंत्र आणि मामूचा व्हीसीआर. तपासणीला आधी एका फिल्मची जुनी कॅसेट तासभर चालवली. ती न चुरगळता बाहेर आली, मगच घरच्या कॅसेटला हात लावला. बुरशीच्या दोन कॅसेट मात्र यंत्रात घातल्या नाहीत. बुरशी हेडला लागते आणि मग दुसऱ्या कॅसेटलाही धरते. त्या मिस्त्रींकडे सफाईला आहेत, आणि मिस्त्रींवर अम्मीचा भरोसा आहे.

राहिला डिस्कचा प्रश्न. डिस्क हा अखेरचा मुक्काम नव्हे, हे समजून घेतले पाहिजे. घरी लिहिलेल्या डिस्कचा रंग उष्णतेने आणि दमटपणाने उतरतो. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क चालवायची सोयच नसते. सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणेही बंद केले. म्हणून आम्ही मूळ फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेवली. एक आमच्याकडे आणि एक मुंब्र्याला बहिणीकडे, म्हणजे वाशिष्ठीला दोन्ही एकदम सापडणार नाहीत. डीव्हीडी केली ती अम्मीसाठी, कारण तिला रिमोटचे तेच बटण ठाऊक आहे.

मजलिसीच्या भागाचा निर्णय अम्मीनेच दिला. तो भाग वेगळ्या फाइलमध्ये काढला आहे. तो कोणाच्या मोबाइलवर जाणार नाही. त्यातल्या ज्या बाया हयात आहेत, त्यांतली जी मागेल तिला तिच्या हाती डिस्क मिळेल. आतापर्यंत तिघींनी मागितली. एकीने विचारले, ‘‘माझी अम्मी पण आहे ना त्यात?’’ होती.

दादीची गीते आम्ही वेगळी काढली आणि उर्दू लिपीत उतरवायला बसलो. निम्मे कोकणी शब्द आम्हाला कळेनात. अम्मी सांगत गेली, काही तिलाही सांगता आले नाहीत. त्यांचा अर्थ जाणणाऱ्या बाया मोहल्ल्यात आता फार थोड्या उरल्या आहेत. कॅसेट यंत्राने उतरते, पण गीत समजायला माणूस लागतो. आपल्या माळ्यावरही अशी पिशवी असेल, तर या पावसाळ्याआधी ती खाली काढा. आणि कॅसेट चालेल तेव्हा एखाद्या म्हातारीला शेजारी बसवा.