मिठाचा अंदाज

आमच्या घरी माशाचे कालवण होई त्या दिवशी वडील पानावर बसण्याआधी मिठाची वाटी जवळ ओढून ठेवीत. मीठ कमी असेल तर वरून घ्यावे, जास्त असेल तर भाकरी चुरून निभावून न्यावे, असा त्यांचा शिरस्ता. याबद्दल त्यांनी आईला कधी बोल लावला नाही. कारण कालवण आई रांधी खरी. पण चव घेत नसे. मिठाचा सगळा कारभार अंदाजाने चाले.

आता कुणी म्हणेल, माउली शाकाहारी असेल. तसेही नव्हते. आई मटण खाई. बाजारातून आणलेली सुकट आणि सुके बोंबील तर तिला मनापासून आवडत. तिचा नेम होता तो फक्त उजनीच्या माशापुरता. आणि बारामतीत आमच्या घरी ताजा मासा येई तो भिगवणहून, म्हणजे उजनीचाच.

आईचे माहेर इंदापूर तालुक्यातले पळसदेव. भीमेच्या काठचे जुने गाव. १९६६ साली उजनीच्या धरणाची कोनशिला बसली आणि १९८० साली धरण पुरे झाले. मधल्या वर्षांत पाणी चढत चढत आले आणि भीमाकाठची कितीतरी गावे त्याखाली गेली. पळसदेवची माणसे सामान गाड्यांत घालून वर नव्या गावठाणात आली. देवही बरोबर आणले. पळसनाथाचे दगडी देऊळ मात्र जाग्यावरच राहिले, कारण देऊळ काही बैलगाडीत घालता येत नाही. आईचे लग्न त्याआधीच झाले होते. ती माहेरी जाई ती नव्या गावठाणात. पण तिच्या बोलण्यात ‘माहेर’ हा शब्द येई तो खालच्या गावासाठी. ‘ज्या पाण्यात माझं माहेर हाय, त्यातला मासा मी कशी खाऊ?’ हे तिचे एकच वाक्य. त्यावर वडिलांजवळ उत्तर नव्हते. माझ्याजवळही नव्हते.

तसे पाहिले तर त्या पाण्याने आम्हांला पुष्कळ दिले. नव्या गावठाणाभोवती जे उसाचे मळे डुलतात ते त्याच पाण्यावर. ज्या शिवारात बाजरीची कणसे मोजून घ्यावी लागत, तिथे मासळीचा बाजार उभा राहिला. पुणे-सोलापूर रस्त्याने जाणारा माणूस आज भिगवणला थांबतो तो मासा खायला. मरळ, वाम, कटला, रोहू आणि सगळ्यांच्या वर चिलापी. ही चिलापी मूळची आफ्रिकेतली. परमुलखातून आली आणि इतकी माजली की गावच्याच माशांना जागा उरली नाही. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘तिला तरी जागा मिळाली म्हणायची.’

असो. सांगायची गोष्ट आहे ती मालवणची.

त्याचे असे झाले. २०२३ च्या दिवाळीच्या आधी आमच्या चिरंजिवांनी मला फोनवर एक चित्रफीत दाखवली. वेस्ट इंडिजमधला कुठलासा किनारा, निळेशार पाणी, पाण्यावर पालथी तरंगणारी माणसे, त्यांच्या खाली रंगीत मासे. आणि मग त्याच माणसांनी झाडाखाली बसून भाजलेल्या शेवंड्यांवर मारलेला ताव. ‘बाबा, आपण इथे जाऊ या,’ चिरंजीव म्हणाले. आमच्या लेखी वेस्ट इंडिज म्हणजे लारा आणि वॉल्श; तिथे समुद्रही आहे हे ध्यानातच आले नव्हते. मी खिशाचा विचार केला आणि म्हणालो, ‘हे सगळे आपल्या मालवणला आहे.’ हे मी केवळ वेळ मारून नेण्यासाठी म्हटले होते. चौकशी करता ते अगदी खरे निघाले.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. मी, सौभाग्यवती, चिरंजीव आणि आई. आई समुद्र पाहण्यासाठी येत होती. सत्तरीच्या घरात आली तरी तिने तो पाहिला नव्हता. फलटण, सातारा, कोल्हापूर करून आम्ही घाट उतरलो आणि अंधार पडता पडता मालवण गाठले.

पहिल्या रात्री आम्ही फसलो. ज्या खाणावळीची पाटी सर्वांत मोठी आणि दिवे सर्वांत जास्त, तिथे शिरलो. सुरमईचा तुकडा आला तो बर्फातून बाहेर पडून जगाला कंटाळलेला. आईने एक घास खाल्ला आणि म्हणाली, ‘समुद्र दाराशी आन् मासा शिळा?’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शहाणपणाने बाजारात गेलो आणि आईला बरोबर नेले. मासे विकणारी एक म्हातारी आईच्याच वयाची. तिने आईच्या नऊवारीकडे पाहिले आणि विचारले, ‘खयसून इलास?’ आईने अंदाजाने उत्तर दिले, ‘बारामतीवरनं.’ दोघींचे अर्धे बोलणे एकमेकींना कळले नसावे; पण पाच मिनिटांत म्हातारीने आईला सगळे शास्त्र शिकवले. बांगड्याचे डोळे चकचकीत हवेत, आत गेलेले नकोत. कल्ला उघडून पाहावा. तांबडा असेल तर घ्यावा, विटकरी पडला असेल तर पुढे जावे. बोटाने दाबले की मांस परत वर आले पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मनात मासा ठरवून बाजारात येऊ नये. आज काय आले आहे ते विचारावे आणि ते खावे. मोठी सुरमई सगळेच मागतात, म्हणून ती बर्फात ठेवावी लागते. बांगडा आणि तारली त्याच दिवशी येतात आणि त्याच दिवशी संपतात.

पावसाळ्यात, जून-जुलैत, मासेमारीला सरकारी बंदी असते, कारण ते दिवस माशांच्या विणीचे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की दिवस पालटतात. म्हणजे दिवाळीच्या सुमाराला गेलेला पाहुणा वेळेवर गेला असे समजावे. किनाऱ्यावर आम्ही रापणही पाहिली. अर्धा गाव मिळून एक लांबलचक जाळे समुद्रातून ओढतो आणि मिळेल ते वाटून घेतो. चिरंजिवांनीही दोराला हात लावला. त्याबद्दल त्यांना वाटा म्हणून दोन पेडवे मिळाले.

म्हातारीने एका घराचा पत्ता सांगितला. पाटी नाही, दिवे नाहीत. ओटीवर चार पाटांची सोय. तिथे बांगड्याचे तिखले मिळाले. आमच्याकडे कालवण म्हणजे काळा मसाला आणि बाजरीची भाकरी. इथे ओला नारळ, आमसूल आणि तिरफळ. तिरफळाने जीभ थोडी बधिरते आणि मग चव उघडते. वर सोलकढी. आई दोनदा भात घेऊन जेवली. मी मुद्दाम काही बोललो नाही. पण तिनेच सांगितले, ‘हे पाणी कुणाच्या घरावर चढल्यालं न्हाई.’

दुपार टळायच्या आत आम्ही होडीत बसलो. वारा सुटण्यापूर्वी पाणी निवळ असते. सिंधुदुर्गाच्या तटाजवळच्या खडकांपाशी होडी थांबते. हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतला आणि १६६७ साली पुरा केला. भोवती खारा समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. किल्ल्याभोवतीचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तळाच्या खडकांवर प्रवाळ आहे, म्हणून पाण्यात पाय खाली टेकायचा नाही, ही नावाड्याची पहिली ताकीद. काही लोक मासे जमावेत म्हणून पाव टाकतात. आमच्या नावाड्याने तो टाकला नाही. ‘भिकेची सवय लागली की मासा कामाचा राहत नाही,’ तो म्हणाला. हे वाक्य मी वर्गात सांगण्यासाठी टिपून ठेवले आहे.

सामान साधे असते. अंगात तरंगायचे जाकीट, डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मुखवटा, तोंडात वाकडी नळी. या नळीला स्नॉर्कल म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या अशाच नळीतून हवा घेत, तिच्यावरून हे नाव पडले. मुखवट्यात आधी थुंकायचे आणि काच विसळून घ्यायची, म्हणजे वाफ धरत नाही. नीरेच्या डाव्या कालव्यात पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला मी. मला पाण्याचे भय नव्हते. मात्र माझ्या मिशा आड आल्या. मुखवटा त्यांच्यावर नीट बसेना, नाकात पाणी शिरू लागले. नावाड्याने व्हॅसलीनची डबी पुढे केली. मिशांना व्हॅसलीन लावलेला नवरा पाहून सौभाग्यवती होडीच्या काठाला धरून हसत होत्या.

मग मी तोंड पाण्यात घातले, आणि हसण्याचा आवाज एकदम थांबला.

खाली दोन पुरुष पाणी असेल. तळ स्वच्छ दिसत होता. काळे-पिवळे पट्टे असलेले मासे खडकाच्या फटीतून बाहेर येत आणि मला पाहून न पाहिल्यासारखे करून निघून जात. एक हिरवट-निळा मासा पोपटासारख्या चोचीने दगड खरवडत होता. त्याचा कुरकुर आवाज कानाला येत होता. खडकांवर उन्हाची जाळी हलत होती. मी आयुष्यभर पाणी वरून पाहिले होते. त्याच्या आत एक गाव नांदत असते हे मला ठाऊक होते. पण ते दिसले नव्हते.

वर आलो तेव्हा आई काठावरून वाकून पाहत होती. ‘खाली काय दिसतंय रं?’

‘मासे. दगड.’

‘तळ दिसतोय?’

‘दिसतो.’

ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘मला बघायचंय.’

आम्ही सगळ्यांनी तिला नाही म्हटले. नावाड्याने मात्र तिला जाकीट घातले, होडीची शिडी सोडली आणि स्वतः पाण्यात उतरून खाली उभा राहिल्यासारखा तरंगत राहिला. नऊवारीचा कासोटा किती सोयीचा हे त्या दिवशी पटले. आई दोन पायऱ्या उतरली, दोन्ही हातांनी शिडी धरली, आणि मुखवटा लावलेले तोंड पाण्यात घातले. नळी तिने घेतली नाही. श्वास संपला की ती वर येई आणि पुन्हा खाली जाई. असे चार-पाच वेळा झाले.

शेवटी ती वर आली, मुखवटा काढला आणि पदर पिळत म्हणाली, ‘पायऱ्यांसारखे दगड हायेत. देवळाच्या पायऱ्यांवर बी असंच शेवाळ आलं आसंल. आन् मासं हिंडत आसत्याल.’

तिच्या आवाजात रडू नव्हते. लांबच्या नात्यातल्या माणसाची खुशाली कळल्यावर बोलावे तशी ती बोलली.

परतीच्या वाटेवर, फलटण सोडल्यावर, तिने विचारले, ‘मग आपल्या धरणात का न्हाई दिसत तळ?’

मी सांगितले ते खरे सांगितले. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येते आणि भीमेतून उजनीत. धरणाचे पाणी हिरवे पडते. त्यात हातभर खालचे दिसत नाही. आई म्हणाली, ‘म्हंजी गाव बुडालं ते बुडालं, वर त्याच्यावर घाण बी टाकली.’ यावर कोण काय बोलणार? बारामतीपर्यंत गाडीत कुणी बोलले नाही.

२०२३ साली पावसाने ओढ दिली होती आणि उजनी पुरी भरली नव्हती. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी इतके ओसरले की पळसनाथाचे देऊळ शिखरापासून पायथ्यापर्यंत उघडे पडले. वर्तमानपत्रांत फोटो आले, लांबून लांबून माणसे पाहायला येऊ लागली. आईने एके दिवशी सकाळी काठी काढली. ‘मला घिऊन चल.’

भेगाळलेल्या गाळातून आम्ही चालत गेलो. आई देवळाशी फार थांबली नाही. देवळाकडे पाठ करून तिने पावले मोजल्यासारखी टाकली आणि एका जागी उभी राहिली. तिथे चार दगड ओळीने होते, बाकी काही नाही. ‘हा उंबरा,’ ती म्हणाली. तो उंबरा होता की नुसते दगड, मला सांगता येणार नाही. ती त्यावर बसली.

जवळच एक मासेवाला जाळे निवडत होता. पाटीत चिलापी होती आणि एक लहानशी मरळ. आईने त्याला विचारले, ‘ह्यो मासा हितलाच का?’

‘हितलाच, आजी. हितंच जाळं लावतो आमी.’

आईने मरळीचा कल्ला उघडून पाहिला. बोटाने दाबून पाहिले. मग मला म्हणाली, ‘घे ती. आपल्या गावचीच हाय.’

संध्याकाळी तिने कालवण केले. वडील आता नाहीत. पण मिठाची वाटी त्यांच्या जागेपाशी ठेवायची आमची सवय सुटलेली नाही. मी चुलीकडे पाहिले नाही, त्यामुळे तिने चव केव्हा घेतली ते मला कळले नाही. पाने मांडली. आईने स्वतःचेही पान मांडले आणि आमच्याबरोबर जेवायला बसली.

मीठ अगदी बेताचे पडले होते. वाटीला कुणी हात लावला नाही.