पंतांच्या गावात ढोलकी

सोलापूरहून पुण्याकडे निघाले की भीमा ओलांडून इंदापूर लागते. तिथून एक वाट निमगाव केतकी, अंथुर्णे, बेलवाडी, सणसर, काटेवाडी अशी गावे घेत बारामतीला येते. आषाढाच्या तोंडावर तुकोबांची पालखी याच वाटेने उलटी, पंढरपूरकडे जाते. काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्या पालखीभोवती गरगर फिरतात, बेलवाडीच्या रिंगणात अश्व धावतो. ही वाट गाणाऱ्या माणसांची आहे. म्हणूनच अठराव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरहून बारामतीला आलेला एक गाणारा माणूस मला याच वाटेने चालताना दिसतो. अंगावर शास्त्र्याचा वेष, आणि बोटांना मात्र डफावर पडायची सवय.

तो राम जोशी. स्वतः लावणी रचायची, स्वतः चाल बसवायची आणि फडात उभे राहून स्वतःच म्हणायची, हा त्याचा शिरस्ता. पेशवाईतल्या शाहिरांत परशराम शिंपी होता, होनाजी गवळी होता, सगनभाऊ शिकलगार होता. त्यांच्या रांगेत वैदिक घराण्यातला, पुराणिकाचा धाकटा भाऊ येऊन उभा राहिला. थोरले बंधू मुद्गल जोशी सोलापुरात पुराण सांगत. घराजवळच धोंडी शाहिराचा फड होता. रामाचे कान पुराणाकडे कमी आणि फडाकडे जास्त. बोलाचाली झाली, भावाने घराबाहेर काढले. पुढे तो पंढरपूरला गेला, बाबा पाध्यांकडे राहून काव्यशास्त्र शिकला, पंडित होऊन सोलापूरला परत आला.

आणि पुन्हा फडावर उभा राहिला. त्याच्या सगळ्या चरित्रात मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. पहिल्या वेळी पोरवयाची ओढ म्हणता आली असती. संस्कृत पचवल्यावर, घरचे दार पुन्हा उघडायची संधी समोर असताना जो ढोलकीकडे वळतो, त्याची वाट चुकलेली नसते. त्याला आपली जागा कळलेली असते. शिकलेले सगळे तो लावणीत घेऊन आला. एका लावणीत तर संस्कृत, मराठी, कानडी आणि हिंदुस्थानी अशा चार भाषा त्याने एकत्र नांदवल्या. सोलापूरच्या पेठेत कानडी, छावणीत हिंदुस्थानी, पाठशाळेत संस्कृत आणि माजघरात मराठी कानावर पडत असताना त्यांच्यामध्ये भिंत का घालावी, असे त्याला वाटले असणार. लावणीच्या शेवटी तो ‘कविराय’ अशी मुद्रा टाकी. फडावर उभे राहून स्वतःला कविराय म्हणवून घेणे याला छाती लागते.

इकडे बारामतीत कऱ्हेच्या काठी मोरोपंत. जन्म 1729चा, पन्हाळ्याचा. बाबूजी नाईक म्हणजे पेशव्यांच्या सोयरिकीतले मोठे सावकार. त्यांच्या आश्रयाने पंत ऐन तारुण्यात बारामतीला आले ते 1794 मध्ये देह ठेवीपर्यंत इथलेच झाले. नाईकांच्या वाड्यात पुराण सांगायचे आणि उरलेला सगळा वेळ लिहायचे. ओवी ज्ञानोबांची, अभंग तुकोबांचा, तशी आर्या पंतांची. अख्खे महाभारत त्यांनी आर्येत आणले, रामकथा तर इतक्या तऱ्हांनी लिहिली की मोजताना दमावे. त्यातले एक ‘निरोष्ठ रामायण’. ओठाला ओठ लागेल असे अक्षरच त्यात नाही. प, फ, ब, भ, म वर्ज्य. म्हणजे रामायण सांगायचे आणि ‘राम’ हा शब्द उच्चारायचाच नाही! काहींना हा नुसता अक्षरांचा खेळ वाटतो. मला त्यात नामाशी खेळण्याइतकी सलगी झालेला भक्त दिसतो. प्रेमात पडल्याशिवाय माणूस इतके कष्ट घेत नाही.

या दोघांची भेट बारामतीत झाली अशी परंपरा आहे. पंतांनी त्याची वाणी ऐकली, ही वाणी हरिकथेला लाव म्हणाले, आणि राम जोशाने डफ टाकून कीर्तनाची वीणा घेतली, असे सांगतात. पुढे त्याच्या कीर्तनांतून पंतांच्या आर्या गावोगाव पोहोचल्या. संगमनेरच्या अनंत फंदीची कथाही याच वळणाची. तिथे अहिल्याबाई होळकरांनी समज दिली आणि फंदी कीर्तनाकडे वळला, असे सांगतात. तमाशात ‘बिघडलेला’ ब्राह्मण थोरांच्या एका शब्दाने सुधारतो, ही कथा त्या समाजाला फार हवीहवीशी होती.

माझे म्हणणे असे की या कथेत देणारा कोण आणि घेणारा कोण, हे आपण अर्धेच सांगतो. पंतांनी राम जोशाला प्रतिष्ठा दिली, हे खरे. पण राम जोशाने पंतांना गळा दिला. पंतांची आर्या बहुतेक गीती वृत्तातली. बारा मात्रांवर पहिला विसावा, मग अठरा मात्रांची धाव, पुन्हा बारा, पुन्हा अठरा. डोळ्यांनी वाचताना समासांच्या गाठी पडतात, अन्वय लावता लावता घाम फुटतो. तीच आर्या मुरलेल्या कीर्तनकाराच्या तोंडून ऐकावी. तो बारा मात्रांवर थांबतो, तेवढेच पुन्हा म्हणतो, श्रोत्यांवरून नजर फिरवतो. आता पुढे काय, असे सभेला झाले की अठरा मात्रांची लड सोडतो आणि यमक नेमके झांजेच्या ठोक्यावर आणून टेकवतो. अर्थ कळायच्या आधी मान डोलते, आणि मान डोलली की अर्थही मागोमाग येतो.

हे थांबणे आणि सोडणे पोथीत लिहिलेले नसते. ते फडावर शिकावे लागते. लावणीत शाहीर कडव्याची शेवटची ओळ अशी उचलतो की मागचे झीलकरी ती अलगद झेलतील. ढोलकीवाला शाहिराच्या श्वासाकडे कान लावून असतो, तुणतुणे एकाच सुरावर सभा बांधून धरते. समोर दिवसभर नांगर धरून आलेला कुणबी बसलेला. त्याला डुलकी लागली तर दोष शाहिराचा. त्या श्रोत्यापुढे तावून निघालेला गळा पंतांच्या आर्येला लाभला. शिवाय दोघेही यमकाचे, अनुप्रासाचे वेडे. भेटले तेव्हा एकाच घराण्याचे दोन कारागीर भेटले, असे मी समजतो. एकाचा माल देवघरात जाई, दुसऱ्याचा जत्रेत, इतकेच.

एक गोष्ट मात्र सलते. राम जोशाच्या फडातल्या नर्तकीचे नाव आख्यायिकेत बया असे येते. शाहिराला कीर्तनाचे दार उघडे होते, कारण तो जोशी होता. बयेला कुठले दार होते? तिला बारामतीला कोणी बोलावले नाही. आजही बारामतीहून पुण्याला जाताना वाटेत चौफुल्याला संगीतबाऱ्यांचे फलक दिसतात, आणि गाडीतली माणसे नजर दुसरीकडे वळवतात. त्या फलकांमागे ज्या बाया रियाज करतात, त्या बयेच्या लेकी आहेत.

बयेला चेहरा मिळाला तो 1947 मध्ये. राजकमल कलामंदिरचा ‘लोकशाहीर राम जोशी’ त्या साली आला. दिग्दर्शनावर बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम या दोघांची नावे, संगीत वसंत देसाईंचे. बया झाल्या हंसा वाडकर, आणि राम जोशी झाले जयराम शिलेदार. शिलेदार मुळात संगीत नाटकाचे, गात गात भूमिका उभी करणारे. म्हणजे गाणाऱ्या नटानेच गाणारा शाहीर पडद्यावर आणला. उसना गळा लागला नाही. पदाची जागा घेता घेता डोळ्यांत भाव बदलणे ही नाटकवाल्यांची विद्या, आणि राम जोशी हा तर त्या विद्येचा जुना मालक. मराठी पडद्यावरच्या तमाशापटांची रीघ लागली ती या चित्रपटापासून. शिलेदार मात्र रंगभूमीचेच राहिले. दोन वर्षांनी, 1949 मध्ये, त्यांनी ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था काढली आणि जयमालाबाईंसह संगीत नाटक जगवण्यात आयुष्य घातले.

या चित्रपटाची लेखणी होती ग. दि. माडगूळकरांची. शेटफळ्यात जन्मलेला, माणदेशात वाढलेला हा कवी 1938च्या ‘ब्रह्मचारी’त नट म्हणून चित्रपटात शिरला, आणि ‘राम जोशी’तही त्याने छोटे काम केले. ज्या हाताने त्याने फडावरच्या लावण्या लिहिल्या, त्याच हाताने 1955 मध्ये पुणे आकाशवाणीसाठी ‘गीतरामायण’ लिहिले. त्याला कोणी डफ टाकायला सांगितले नाही. राम जोशाला जी निवड करावी लागली, ती दीडशे वर्षांनी गदिमांना करावी लागली नाही. मराठी समाज इतका तरी पुढे आला, याचा मला मनापासून आनंद आहे. बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या सभागृहाला गदिमांचेच नाव आहे. पंतांच्या गावात राम जोशाच्या चरित्रकाराला मिळालेली ही जागा मला अगदी रास्त वाटते.

आता राहिली बया. चैत्री पौर्णिमा ही पंतांची पुण्यतिथी. त्या दिवशी बारामतीत एक कीर्तन व्हावे अशी माझी फार इच्छा आहे. पूर्वरंगाला पंतांची आर्या घ्यावी आणि उत्तररंगात बयेचे आख्यान लावावे. कीर्तनकार चौफुल्याहून बोलवावी. राम जोशाची लावणी येईल तेव्हा साथीला तबला नको, ढोलकीच हवी, आणि झील धरायला आपण सगळ्यांनी बसावे.