डब्यातलं अंडं

उद्या डब्यात काय, हा प्रश्न घरोघरी आहे. माझी लेक दुसरीत. मधली सुट्टी वीस मिनिटांची, त्यात हात धुणं, गप्पा, मैत्रिणीच्या डब्यात डोकावणं आलंच. म्हणून चार घासांत संपेल असंच देते: वाटीने कापलेली इवली थालीपिठं, नाचणीचे छोटे डोसे, शेंगदाण्याचा लाडू. सगळ्यात आधी संपतं ते उकडलेलं अंडं, काळ्या तिळाचे डोळे लावलेलं.

यंदा शाळेची सूचना आली, डब्यात अंडं नको. वास येतो म्हणे. मुळ्याच्या पराठ्याला काय अत्तराचा वास येतो?

माझं सोडा. मी पनीर देईन, मटकीची उसळ देईन, परवडतं मला. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरांचं काय? तिथे नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचे पैसे थांबवले. द्यायचंच असेल तर लोकवर्गणी काढा म्हणाले! पहिली ते पाचवीच्या मुलाला या जेवणातून रोज १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, हा निकष सरकारचाच. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात. म्हणजे निम्मं काम एका अंड्यात होतं, तेही आठवड्यातून एकदाच मिळणार होतं.

तुमच्या गावच्या शाळेत अंडं मिळतंय का? शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारा, आणि काय उत्तर मिळतं ते इथे सांगा.