गाण्यातला पत्ता

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि इंग्रजी आली ती अकाउंटन्सीच्या पुस्तकाबरोबर. अशा मुलाला अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय शेतकऱ्याची १९२८ सालची गाणी का आवडावीत, असे मित्र विचारतात. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

मिसिसिपी जॉन हर्ट हा ॲव्हलॉन नावाच्या खेड्यात शेतावर राबणारा माणूस. 'ओके' नावाच्या तबकडी कंपनीने त्याला १९२८ च्या फेब्रुवारीत मेम्फिसला आणि डिसेंबरात न्यूयॉर्कला बोलावले. त्या ध्वनिमुद्रणातली तेरा गाणी आज ऐकायला मिळतात. ब्लूज म्हणजे आक्रोश, अशी आपली समजूत. हर्ट आवाज चढवीतच नाही. ओसरीवर बसून शेजाऱ्याशी बोलावे तसा गातो. त्याचा अंगठा मळणीच्या बैलासारखा एका चालीने खालच्या तारांवर फिरत राहतो आणि बाकीची बोटे वरच्या तारांवर गाण्याची चाल वाजवतात. गिटार एकच, पण वाटते दोघे वाजवताहेत.

न्यूयॉर्कच्या मुक्कामात त्याला घरची ओढ लागली. त्यातून 'ॲव्हलॉन ब्लूज' हे गाणे झाले आणि त्यात गावाचे नाव आले. तबकड्या फारशा खपल्या नाहीत. १९२९ पासून मंदी आली. हर्ट आपल्या गावी राहिला आणि जग त्याला विसरले. पुढे १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स या तरुण चाहत्याने त्या गाण्यातले नाव जुन्या नकाशात हुडकले आणि तो ॲव्हलॉनला जाऊन पोहोचला. हर्ट तिथेच होता! त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो हजारो श्रोत्यांपुढे गायला. १९६६ मध्ये तो वारला. कीर्तीची वर्षे मिळाली ती जेमतेम तीन.

आम्ही 'गुडविल'ची किंमत सूत्राने काढतो. हर्टची पत पस्तीस वर्षे कुठल्याच वहीत नव्हती, तरी ती बुडाली नाही.

पदवी झाली की मीही पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जाईन. "इथं काय ठेवलंय?" असे वडील म्हणतात, आणि दोन एकरांत आमचे भागत नाही हे खरेच आहे. आमच्या खेड्याचे नाव मराठीत एक तऱ्हेने लिहितात, कन्नडमध्ये दुसऱ्या; तालुक्याबाहेर ते कुणाला ठाऊक नाही. पण ॲव्हलॉन तरी कुणाला ठाऊक होते? नोकरीच्या अर्जात 'सध्याचा पत्ता' आणि 'कायमचा पत्ता' असे दोन रकाने असतात. पहिला बदलत राहील. दुसऱ्यात मी गावाचेच नाव लिहिणार आहे.